पदार्थ सगळ्यांचा, नाव ज्याचे त्याचे

खेडच्या बाजारपेठेत किंवा भरणे नाक्यावरच्या कुठल्याही किराणा दुकानात न्याहारीच्या जिनसांची फळी पाहावी. तिचे सरळ दोन भाग पडलेले दिसतात. एकीकडे कॉर्नफ्लेक्स, चोकोज आणि ओट्सची चकचकीत खोकी. त्यांची नावे अजून शाळेत न जाणाऱ्या पोरांनाही पाठ असतात. दुसरीकडे नाचणीचे सत्त्व, घावनाचे पीठ, आंबोळीचे पीठ, कुळथाची पिठी, लाल पोहे यांच्या पिशव्या. त्यांच्यावरही काही ना काही नाव छापलेले असते, पण बहुतेकदा ती 'कोकण', 'घरगुती', 'अस्सल', 'गावरान', 'शुद्ध' अशा चारपाच शब्दांची मागेपुढे केलेली जुळणी असते. गणपतीला आलेला चाकरमानी यातली एक पिशवी मुंबईला नेतो. शिमग्याला परत येतो तेव्हा 'मागल्या वेळी नेलं होतं ते सत्त्व द्या' म्हणतो, आणि दुकानदार हाताला येईल ती पिशवी काढून देतो.

यात गिऱ्हाइकाचे नुकसान थोडे आणि चांगला माल करणाऱ्या बाईचे फार मोठे आहे. नाचणीचे सत्त्व ही कष्टाची चीज. नाचणी निवडायची, धुवायची, भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून गाळायची, गाळलेले पाणी न हलवता ठेवायचे, वरचे पाणी ओतून तळाचा साका वाळवायचा आणि मग तो दळून चाळायचा. कोकणातल्या दमट हवेत वाळवण्यात जरा हयगय झाली की आंबूस वास लागतो. एखादी बाई हे सगळे नेमाने करते, आणि दुसरे कोणी नाचणीचे साधे पीठच 'सत्त्व' म्हणून पिशवीत भरते. पिशव्या मात्र सारख्याच दिसतात. पहिलीने कमावलेला विश्वास दुसऱ्याच्या पदरात पडतो आणि दुसऱ्याच्या मालाची तक्रार पहिलीच्या वाट्याला येते. ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, या एका दुखण्यावरचा इलाज म्हणून कायद्यात आले. हा माल कोणाचा, एवढे गिऱ्हाइकाला खात्रीने कळावे, हेच त्याचे काम. मोठ्या कंपन्यांनी ते केव्हाच ओळखले. आपल्या तालुक्यातल्या छोट्या उत्पादकांनी ते अजून मनावर घेतलेले नाही, म्हणून हा विषय आज सविस्तर मांडावासा वाटतो.

न्याहारीच्या तयार धान्याचा जगभरचा इतिहास हा बराचसा नावांच्या भांडणांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचे गाव आहे. तिथल्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग आणि त्यांचा धाकटा भाऊ विल कीथ केलॉग यांनी १८९४ मध्ये शिजवलेल्या गव्हाच्या पातळ पापड्या भाजून पाहिल्या. पुढे तोच प्रयोग मक्यावर झाला. त्या आरोग्यधामात उपचार घेऊन गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी त्याच गावात स्वतःचा कारखाना काढला आणि १८९७ मध्ये 'ग्रेप नट्स' बाजारात आणले. बघता बघता बॅटल क्रीकमध्ये अशा धान्याचे डझनावारी कारखाने उभे राहिले. माल जवळजवळ एकच, गावही एकच. मग वेगळेपण उरले ते फक्त नावात, आणि भांडणेही नावावरूनच सुरू झाली.

पहिले मोठे भांडण घरातलेच होते. विल कीथने १९०६ मध्ये मक्याच्या पोह्यांची स्वतंत्र कंपनी काढली आणि खोक्यावर आपली सही छापून, ही सही असेल तोच माल खरा, अशी जाहिरात केली. दोनच वर्षांनी थोरल्या भावाने आपल्या जुन्या कंपनीला केलॉग हेच आडनाव लावले. आडनाव दोघांचे सारखेच, मग ते वापरायचा हक्क कोणाचा? दोघे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टात झगडले आणि १९२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल धाकट्याच्या बाजूने दिला. बाजारात ते नाव लोकांच्या मनात ज्याच्या मालाशी जोडले गेले, त्याचा हक्क मोठा ठरला. आपल्याकडे भाऊबंदकीत दुकानाचे नाव दोघांनी लावण्याची उदाहरणे गावोगाव आहेत, त्यांनी हा निकाल समजून घेण्यासारखा आहे. भारतीय कायदाही प्रामाणिकपणे स्वतःचे आडनाव वापरू देतो. मात्र त्यात 'प्रामाणिकपणे' हा शब्द फार वजनदार आहे.

याच केलॉग कंपनीला दुसऱ्या एका दाव्यात मात्र हात हलवत परतावे लागले. 'टोस्टेड कॉर्नफ्लेक्स' हे शब्द फक्त आमचे, असा तिचा दावा क्वेकर ओट्सविरुद्ध होता. १९१६ मध्ये अपील न्यायालयाने तो मानला नाही. भाजलेल्या मक्याच्या पापड्यांना भाजलेल्या मक्याच्या पापड्या म्हणण्याचा हक्क सगळ्यांचाच आहे. आणि २२ वर्षांनी, १९३८ मध्ये, हेच तत्त्व केलॉगच्या पथ्यावर पडले. हेन्री पर्की यांनी शोधलेला 'श्रेडेड व्हीट' हा गव्हाच्या धाग्यांचा, उशीच्या आकाराचा पदार्थ. त्याचे पेटंट १९१२ मध्ये संपले होते. केलॉगने तोच पदार्थ त्याच आकारात आणि त्याच नावाने विकायला घेतला तेव्हा नॅशनल बिस्किट कंपनीने दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी निकालपत्र लिहिले. पेटंट संपल्यावर पदार्थ लोकांचा झाला, त्याबरोबर त्याला लोक ज्या नावाने ओळखतात ते नावही लोकांचे झाले. केलॉगने फक्त आपला माल आपला म्हणूनच विकावा, दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, एवढीच अट राहिली.

या दोन निकालांत सगळ्या विषयाची किल्ली आहे. पदार्थाच्या नावावर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती त्या पदार्थाला आपण दिलेल्या खास नावावर. जनरल मिल्सने १९४१ मध्ये ओट्सच्या गोल कड्या 'चीरीओट्स' नावाने आणल्या. क्वेकर ओट्सने हरकत घेतली आणि १९४५ मध्ये कंपनीने ते नाव बदलून 'चीरिओज' केले. पदार्थाचा उल्लेख नावातून गेला, आणि जे उरले ते पूर्णपणे त्या कंपनीचे झाले. आज त्या नावाची किंमत त्यातल्या ओट्सपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आपल्या देशात कॉर्नफ्लेक्स केलॉगच्या आधीही मिळत. मोहन मीकिनचे कॉर्नफ्लेक्स जुन्या मंडळींना आठवत असतील. केलॉगने १९९४ मध्ये भारतात पाऊल टाकले आणि कारखाना काढला तो आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, तळोज्याला. खेडहून मुंबईकडे जाणारा महामार्ग पनवेलला जिथे संपतो, तिथून तळोजा जवळच. सुरुवातीला कंपनीला अडखळायला झाले, कारण आपल्याकडे दूध गरम घ्यायची सवय, आणि गरम दुधात कॉर्नफ्लेक्स लगेच मऊ पडतात. पण चवीची अडचण सुटण्याआधीच नावाची आणि खोक्याची लढाई दिल्ली उच्च न्यायालयात पोचली होती.

'एम्स अ‍ॅरिस्टो' नावाने कॉर्नफ्लेक्स विकणाऱ्या एका भारतीय उत्पादकाविरुद्ध केलॉगने दावा केला. त्याचे खोके आमच्या खोक्यासारखे दिसते आणि त्यामुळे गिऱ्हाइकाची फसगत होईल, असे कंपनीचे म्हणणे होते. १९९६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांच्या खंडपीठाने मनाईहुकूम द्यायला नकार दिला. दोन्ही खोक्यांवर आपापले नाव ठळकपणे छापलेले होते, आणि 'केलॉग्ज' व 'एम्स अ‍ॅरिस्टो' यांत गल्लत होण्यासारखे काही नव्हते. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. मक्याच्या पापड्यांनी भरलेल्या वाडग्याचे चित्र कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर कोणीही काढणार. तेवढ्यावरून मोठ्या कंपनीला छोट्याचा माल बाजारातून उठवता आला असता तर नव्या उत्पादकाला दार बंदच झाले असते.

पण या निकालावरून, नाव वेगळे ठेवून खोक्याची नक्कल केली तर चालते, असा अर्थ कोणी काढू नये. मुंबईच्या विलेपार्ल्यातल्या पार्ले प्रॉडक्ट्सचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये निकाली काढला. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतवाडी, मधोमध पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीच्या ग्लुकोज बिस्किटांवरही मुलगी होती, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हातात विळा होता. गाई आणि कोंबड्या मात्र तिथेही होत्या. खालच्या न्यायालयांनी दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ती रीतच चुकीची ठरवली. गिऱ्हाईक दुकानात दोन पुडे शेजारी ठेवून तपासत नाही. त्याच्या मनात एकूण रूप राहिलेले असते आणि त्या रूपावर तो माल उचलतो. साधा गिऱ्हाईक काही गुप्तहेराच्या नजरेने पाहत नसतो, अशा आशयाची न्यायालयाची टिप्पणी पुढे असंख्य खटल्यांत आधाराला घेतली गेली.

या दोन निकालांचा मेळ कसा लावायचा? आमची समजूत अशी: कॉर्नफ्लेक्सच्या खटल्यात नाव हेच ओळखीचे मुख्य साधन होते आणि ती दोन नावे दोन टोकांची होती. ग्लुको बिस्किटांच्या खटल्यात चित्र हेच ओळखीचे साधन होते. चार पैशांचा पुडा घ्यायला आलेले पोर त्यावरची मुलगी आणि गाई ओळखते, कंपनीचे नाव वाचत बसत नाही. त्यामुळे माल कोण घेतो, कसा घेतो, किती घाईत घेतो, याला महत्त्व येते. रेल्वे स्टेशनावर गाडीची वेळ झालेली असताना नाचणी सत्त्वाची पिशवी उचलणारा प्रवासी कॉर्नफ्लेक्सच्या गिऱ्हाइकापेक्षा ग्लुको बिस्किटाच्या गिऱ्हाइकाला जवळचा आहे. त्याच्यासाठी पिशवीचा रंग आणि चित्र म्हणजेच नाव. म्हणून दुसऱ्याच्या पिशवीचा तोंडवळा उचलणे हा आपल्या बाजारात निरुपद्रवी प्रकार नाही.

मुंबईतलाच आणखी एक जुना खटला याहून जवळचा आहे, कारण तो थेट पौष्टिक खाद्याच्या नावांचा होता. मक्यापासून पदार्थ बनवणाऱ्या कॉर्न प्रॉडक्ट्स रिफायनिंग कंपनीचे 'ग्लुकोव्हिटा' हे जीवनसत्त्व घातलेल्या ग्लुकोजच्या भुकटीचे नाव. शांग्रीला फूड प्रॉडक्ट्स या बिस्किटे करणाऱ्या कंपनीने १९४९ मध्ये 'ग्लुव्हिटा' हे नाव नोंदवायला अर्ज केला. मुंबई उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी नोंदणी नाकारली, अपिलात ती मान्य झाली, आणि अखेर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी देऊ नये असे ठरवले. मधले एक अक्षर गाळल्याने नाव वेगळे होत नाही, कारण माणसाच्या आठवणीत नाव अर्धवटच राहते. आणि बिस्किटात ग्लुकोज पडतेच, तेव्हा भुकटीवाल्यांनीच आता बिस्किटे काढली असावीत, असे गिऱ्हाइकाला सहज वाटेल. पदार्थ वेगळे असले तरी त्यांचा संबंध जुळत असेल तर कायदा नावाला जपतो, हे या निकालाने पक्के केले.

गेल्या काही वर्षांत या भांडणांचा रोख आणखी एका दिशेला वळला आहे, आणि तो आपल्या दृष्टीने काळजीचा आहे. पदार्थाचे वर्णन करणारे साधे शब्दच जरा मोडतोड करून नोंदवून घ्यायचे आणि मग तसे शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला नोटीस पाठवायची. सफोला तेल आणि ओट्स विकणाऱ्या मुंबईच्या मॅरिको कंपनीचे 'लोसॉर्ब' हे नोंदलेले नाव होते. प्रतिस्पर्धी ॲग्रो टेक फूड्सने सनड्रॉप तेलावर 'लो अ‍ॅब्सॉर्ब' असे शब्द छापले तेव्हा मॅरिको न्यायालयात गेली. तेल कमी शोषले जाते, एवढेच सांगणारे ते शब्द आहेत, असे म्हणून २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई करायला नकार दिला. मोठ्या कंपनीची नोटीस आली म्हणून छोट्या उत्पादकाने घाबरून माल मागे घेण्याचे कारण नाही, हे सांगण्यासाठी हे उदाहरण फार उपयोगाचे आहे. 'नाचणी', 'सत्त्व', 'मोड आलेली', 'पौष्टिक', 'हातसडी' हे शब्द कोणी एकट्याचे नाहीत आणि होऊ नयेत.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. खेडच्या डोंगरउतारांवरच्या वरकस जमिनीत पिढ्यानपिढ्या नाचणी पिकत आली. शेजारी दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि नाचणीच्या सुधारित जाती तिथे तयार झाल्या आहेत. मधल्या काळात नाचणी गरिबाचे धान्य म्हणून मागे पडली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे वर्ष जाहीर केल्यावर तिला एकदम मान आला. पण त्याच्या दोन वर्षे आधीच, २०२१ मध्ये, टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने नाचणीच्या न्याहारीचे पदार्थ करणारी बंगळुरूची 'सोलफुल' कंपनी सुमारे १५६ कोटी रुपयांना विकत घेतली होती. 'रागी बाइट्स' हे तिचे गाजलेले उत्पादन. रागी म्हणजे आपली नाचणीच. टाटांना नाचणी बाजारात कुठेही विकत मिळाली असती. त्यांनी पैसे मोजले त्यात गिऱ्हाइकांच्या मनात बसलेल्या नावाचा वाटा मोठा होता. तीच नाचणी पिकवणाऱ्या आणि तिचे त्याहून निगुतीने सत्त्व काढणाऱ्या आपल्या बचतगटांकडे नावाची नोंद नाही, ही गोष्ट मनाला लागते.

आपल्याकडे नाव ठेवतात तिथेच पहिली चूक होते. 'कोकण' हे प्रदेशाचे नाव आहे. कायदा सांगतो की मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण दाखवणारा शब्द एकट्याच्या नावे सहसा नोंदवता येत नाही. 'कोकण नाचणी सत्त्व' असे नाव नोंदवायला गेले तर हरकत येणारच, आणि सोबतच्या चित्रासह नोंद मिळाली तरी त्या शब्दांवर हक्क मिळत नाही. शेजारच्या वाडीतल्या कोणी उद्या तेच शब्द छापले तर त्याला अडवता येणार नाही. नाव निवडताना गिऱ्हाइकाला पदार्थ कळावा ही ओढ असते, ती समजण्यासारखी आहे. पण पदार्थाचे वर्णन पिशवीवर वेगळ्या ओळीत हवे तेवढे लिहावे. मुख्य नाव मात्र पदार्थाशी संबंध नसलेले, उच्चारायला सोपे आणि आधी कोणी न वापरलेले असावे. आजीचे नाव, वाडीतल्या झाडाचे किंवा पाखराचे नाव, नवा घडवलेला शब्द, काहीही चालेल.

प्रदेशाच्या नावाचे संरक्षण करायचे तर त्याला भौगोलिक मानांकनाचा वेगळा कायदा आहे. कोकणाला त्याचा अनुभव आहे: सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि रत्नागिरी, सिंधुदुर्गसह पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये असे मानांकन मिळाले. मानांकन हे त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे असते. त्याने बाहेरचा नकली माल अडवता येतो. पण तुमचे कोकम आणि शेजाऱ्याचे कोकम यांत फरक सांगायचा असेल तर मानांकन पुरत नाही, तिथे स्वतःचे व्यापारचिन्हच लागते.

नोंदणीची वाट वाटते तेवढी अवघड नाही. १९९९ चा ट्रेडमार्क कायदा सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांसाठी एका वर्गाचे ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना त्याच्या दुप्पट. मालाचे वर्ग ठरलेले आहेत: पिठे, पोहे, धान्याचे तयार पदार्थ ३० व्या वर्गात येतात, फळांचे जाम, मुरंबे २९ व्या वर्गात. सत्त्वासाठी नोंदलेले नाव मुरंब्यालाही हवे असेल तर दोन्ही वर्गांचे शुल्क भरावे लागते. अर्जाआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा तसेच नाव आधी कोणी घेतले आहे का, हे फुकट पाहता येते. हा शोध कधीही टाळू नये. तपासणीनंतर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते आणि तिथून चार महिने कोणालाही हरकत घेता येते. नोंद अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी वाढवता येते. पेटंट ठरावीक वर्षांनी संपते, नाव मात्र वापरत राहिले आणि नूतनीकरण केले तर पिढ्यानपिढ्या आपलेच राहते.

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. अर्ज केल्यावर किंवा त्याआधीही नावाच्या वर 'टीएम' ही अक्षरे लावता येतात. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंद नसताना तो छापणे कायद्याने दंडनीय आहे. डिझायनर शोभेसाठी म्हणून तो टाकून देतात आणि गटातल्या बायकांना त्याचा पत्ताही नसतो.

ज्यांनी नोंदणी केलेली नाही, पण वीसतीस वर्षे एकाच नावाने माल विकला आहे, त्यांचाही हक्क कायदा मानतो. आधीपासून वापरणाऱ्याला नंतर नोंदणी करणारा बेदखल करू शकत नाही. पुण्यातले 'बर्गर किंग' नावाचे जुने उपाहारगृह आणि त्याच नावाची अमेरिकन कंपनी यांचा वाद सध्या गाजतो आहे, तो याच मुद्द्यावर. २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अमेरिकन कंपनीचा दावा फेटाळला, आणि त्यानंतर ही लढाई मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अशा वादात तोंडी सांगणे चालत नाही. तारखेचे बिल, जुने वेष्टन, छापखान्याची पावती, अन्न परवान्याची प्रत, जत्रेतल्या किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, यावर सगळे ठरते. आपल्याकडच्या जुन्या दुकानांत नावाला पन्नास वर्षे झाली असतील, पण तेवढ्या वर्षांचा कागद सापडणे मुश्कील. जुने कागद रद्दीत घालू नयेत, एवढे तरी आज ठरवावे.

आता बचतगटांविषयी. एकेका गटाने वेगळे नाव घेऊन, वेगळे शुल्क भरून, वेगळी पिशवी छापून मुंबईच्या बाजारात उभे राहणे कठीणच आहे. त्यासाठी कायद्यात सामूहिक चिन्हाची सोय आहे, पण तिचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. एखादा संघ किंवा संस्था असे चिन्ह आपल्या सभासदांसाठी नोंदवते, ते कोणी आणि कोणत्या अटींवर वापरायचे याचे नियम नोंदणीबरोबरच सादर करते. 'उमेद' अभियानातले प्रभागसंघ हे करू शकतात. नाचणी कुठली, मोड किती, ओलावा किती, गाळणी कशी, हे एकदा ठरवले आणि न पाळणाऱ्याची पिशवी थांबवण्याची तयारी ठेवली तर एका नावाखाली पन्नास घरांचा माल विकता येतो. सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी केंद्राची जी योजना २०२० पासून चालू आहे, तिच्यात गटांच्या ब्रँडिंग आणि विक्रीच्या खर्चाला निम्म्यापर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद आहे.

बायकांनी एका नावाखाली असे काम केल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव नंतर ठेवले गेले. पापड हा पदार्थ लिज्जतचा नाही, कोणाच्याही घरी लाटला जातो. पण हजारो बायकांनी आपापल्या घरी लाटलेला पापड एकाच चवीचा निघतो, हा विश्वास त्या नावात आहे, आणि त्याची राखण कडक नियमांनी होत आली. शिस्तीशिवाय नुसते नाव नोंदवले असते तर त्याला काही किंमत आली नसती. सामूहिक चिन्हाची खरी कसोटी नोंदणी कार्यालयात लागत नाही. आपल्याच शेजारणीचा माल ओलसर आहे, तो या पिशवीत जाणार नाही, हे बैठकीत तोंडावर सांगताना ती लागते. खेडच्या गटांत हे सांगण्याची हिंमत आहे, असा आमचा विश्वास आहे.

मोठ्या कंपन्यांच्या माऱ्यापुढे छोट्यांचे काय चालणार, अशी निराशा व्यक्त होते. वरचे निकाल पुन्हा पाहिले तर ती अनाठायी वाटते. केलॉगसारखी कंपनीही 'कॉर्नफ्लेक्स' हा शब्द अडवू शकली नाही आणि दिल्लीत एका छोट्या स्पर्धकाला हटवू शकली नाही. उलट, ज्याने आपले नाव वेगळे ठेवले आणि आधी वापरले, त्याला न्यायालयांनी जपले. कायदा इथे आपल्या बाजूचा आहे. अडचण आहे ती आपल्या आळसाची, आणि दुसऱ्याची चालती पिशवी पाहून तशीच छापून आणण्याच्या सवयीची. ही सवय आपल्याच माणसांचे नुकसान करते, हे स्पष्ट बोलायला हवे. छापखानेवाल्यांनीही 'त्या पिशवीसारखीच करून द्या' अशी मागणी आली तर नाही म्हणायला शिकावे.

पंचायत समितीने आणि तालुक्यातल्या बँकांनी येत्या गणपतीआधी प्रत्येक मोठ्या गावात नाव शोधण्याचे आणि अर्ज भरण्याचे शिबिर घ्यावे. कॉमर्स आणि कायद्याचे शिक्षण घेतलेली पुष्कळ तरुण मुले खेडमध्ये आहेत, त्यांना हे काम दोन दिवसांत शिकता येईल. आणि ज्या भगिनी आज सत्त्व, पिठी, पोहे पिशवीत भरत आहेत त्यांना आमची विनंती आहे: पुढच्या खेपेच्या पिशव्या छापायला टाकण्याआधी 'कोकण' आणि 'घरगुती' बाजूला ठेवून आपले एक वेगळे नाव ठरवा, ते आधी कोणाचे नाही याची खात्री करा, आणि त्याच आठवड्यात अर्ज करा.